निवृत्त जोडप्याची पेन्शन आणि न्यू जर्सीचा राज्य कर : या चुका टाळा

मार्चमध्ये ओळखीतलं एक जोडपं कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आलं. काका इथल्याच सरकारी शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, काकू कौंटीच्या कचेरीतून. दोघांनीही सत्तरी गाठलेली. आजवर न्यू जर्सीला त्यांना काहीच कर लागत नव्हता आणि यंदा सॉफ्टवेअर साडेआठशे डॉलरच्या वर आकडा दाखवत होतं. काकू म्हणाल्या, "अगं, पेन्शन तेवढीच आहे, मग हे आलं कुठून?"

पिशवी टेबलावर रिकामी केली. काकांची पेन्शन ६२,००० डॉलर, काकूंची २८,०००, इथल्या बँकेचं व्याज ९,०००. बेरीज ९९,०००. शेवटी घडी घातलेला एक कागद निघाला. आदल्या वर्षीच ठेवलेल्या पुण्यातल्या एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक ठेवीचं) व्याज, डॉलरमध्ये २,५००. "ते टॅक्स फ्री असतं ना?" काकांनी विचारलं. भारतात असतं. इथल्या रहिवाशाला मात्र ते अमेरिकेच्या आणि न्यू जर्सीच्याही रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं.

उतार नाही, पायरी आहे

न्यू जर्सीत ६२ वर्षं पूर्ण झालेल्यांना (किंवा अपंगत्व आलेल्यांना) पेन्शनवर मोठी सूट मिळते. जॉइंट रिटर्न (दोघांचं मिळून एकच रिटर्न) भरणाऱ्या जोडप्याचं एकूण उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल, तर पेन्शन पूर्ण वगळता येते. १,००,००० च्या वर गेलात की निम्मीच वगळता येते, १,२५,००० च्या वर पाव आणि १,५०,००० च्या वर काहीच नाही. २०२१ च्या कर-वर्षापासून या पायऱ्या आहेत. त्याआधी १,००,००० ओलांडले की सूट पूर्ण जायची.

लोकांना वाटतं, मर्यादेच्या वर जेवढे डॉलर गेले तेवढ्यांवरच कर लागेल. तसं नाही. काका-काकूंची बेरीज १,०१,५०० झाली आणि ९०,००० च्या पेन्शनपैकी ४५,००० च वगळता आले. उरलेल्या ५६,५०० मधून दोघांच्या आणि पासष्टीच्या मिळून ४,००० च्या सवलती वजा केल्या, तर ५२,५०० वर कर येतो ८६६ डॉलर. मालमत्ता कराची वजावट घेतल्यावर तो थोडा कमी होतो, पण मूळ कारण अडीच हजारांचं व्याज. जॉइंट रिटर्नमध्ये पायरी दोघांची मिळून मोजली जाते. एकाच्या नावावरची ठेव दुसऱ्याच्या पेन्शनची सूट घालवू शकते. म्हणून मी प्रत्येक जोडप्याला सांगते, दोघांचे कागद एकाच टेबलावर मांडा. अनेक घरांत नवऱ्याला बायकोच्या माहेरकडच्या ठेवी ठाऊक नसतात आणि बायकोला नवऱ्याचे शेअर ठाऊक नसतात.

ही बेरीज नोव्हेंबरमध्ये करायची. ३१ डिसेंबर उलटला की हातात फारसं काही राहत नाही. सोशल सिक्युरिटी (केंद्र सरकारकडून मिळणारं निवृत्तिवेतन) या बेरजेत धरत नाहीत, न्यू जर्सी त्यावर करच घेत नाही. अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी बिलांचं (सरकारी कर्जरोख्यांचं) आणि न्यू जर्सीच्या म्युनिसिपल बाँडचं (स्थानिक सरकारांच्या रोख्यांचं) व्याजही धरत नाहीत. काका-काकूंचे बँकेतले पैसे ट्रेझरी बिलांत असते तर प्रश्नच आला नसता. रॉथ कन्व्हर्जन (निवृत्ती खात्यातले पैसे कर भरून रॉथ खात्यात हलवणं), शेअरविक्री, पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटची विक्री हे सगळं मात्र धरतात. फ्लॅट विकलात तर त्या वर्षी पेन्शनची सूट बहुधा जाईल, हे आधीच गृहीत धरा. शिवाय भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट केंद्राच्या, म्हणजे अमेरिकेच्या, रिटर्नमध्ये मिळतं, न्यू जर्सी परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट देत नाही.

१०९९-आरवरचा आकडा जसाच्या तसा उतरवणं

१०९९-आर म्हणजे पेन्शन फंडाकडून दरवर्षी येणारा कराचा कागद. ही चूक मला सर्वांत जास्त लागते, कारण यात लोक नको तो कर भरून मोकळे होतात आणि त्यांना पत्ताही नसतो. शिक्षक किंवा राज्य, कौंटी, टाउनशिपचे कर्मचारी नोकरीत असताना पगारातून जी वर्गणी पेन्शन फंडात भरतात, तिच्यावर न्यू जर्सी तेव्हाच कर घेते. केंद्र सरकार तेव्हा घेत नाही. म्हणून निवृत्तीनंतर केंद्रासाठीचा करपात्र आकडा वेगळा आणि राज्यासाठीचा वेगळा. सॉफ्टवेअर आपणहून केंद्राचाच आकडा राज्याच्या रिटर्नमध्ये ओढून आणतं.

इथे तीन वर्षांचा नियम कामी येतो. पहिल्या पेन्शनपासून ३ वर्षांच्या आत तुमची स्वतःची वर्गणी वसूल होणार असेल, तर ती पुरती वसूल होईपर्यंतची पेन्शन राज्यासाठी करपात्र नसते. समजा वर्गणी ९०,००० भरलेली आहे आणि पेन्शन वर्षाला ४५,००० आहे, तर पहिली दोन वर्षं राज्याचा आकडा शून्य. ही रक्कम वरच्या पायरीच्या बेरजेतही येत नाही आणि या नियमाला बासष्टीची अट नाही. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याला तर हाच आधार असतो. निवृत्तीच्या वेळी पेन्शन विभागाकडून आलेल्या पत्रात वर्गणीचा आकडा असतो, ते पत्र फाइलला लावून ठेवा. तीन वर्षांत वसूल होणार नसेल तर दुसरी पद्धत आहे, तीत दरवर्षी थोडा थोडा भाग वगळतात. जुन्या रिटर्नमध्ये हे राहून गेलं असेल तर एनजे-१०४०एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून परतावा मागता येतो. मुदत साधारण ३ वर्षांची असते, त्यामुळे कागद आजच काढा.

नवरा ६५ चा, बायको ६० ची

जॉइंट रिटर्न असलं तरी ज्याचं वय बसतं त्याचीच पेन्शन वगळता येते. साठ वर्षांच्या बायकोची पेन्शन नवऱ्याच्या वयावर वगळू नका. उलट बाजूनं, बायकोला पेन्शनच नसेल तरी नवऱ्याच्या पेन्शनला मर्यादा जोडप्याचीच, म्हणजे १,००,००० ची लागते. ती अर्धी करून भरलेली रिटर्न मी पाहिली आहेत.

वेगवेगळं रिटर्न भरून सुटका होईल, असा सल्ला पार्टीत कोणी ना कोणी देतंच. राज्याचं वेगळं भरायचं तर केंद्राचंही वेगळं भरावं लागतं. एकत्र राहणाऱ्या जोडप्याच्या सोशल सिक्युरिटीवर मग केंद्राचा कर वाढू शकतो, आणि राज्याची मर्यादाही प्रत्येकी ५०,००० वर येते. दोन्हीकडचे आकडे मांडल्याशिवाय हे करू नका.

न्यूयॉर्कची पेन्शन, न्यू जर्सीचं घर

आपल्याकडचे कितीतरी इंजिनिअर रोज नदी ओलांडून न्यूयॉर्क शहराच्या नोकरीत गेले. न्यूयॉर्क राज्य आपल्या सरकारी पेन्शनींवर कर घेत नाही, म्हणून न्यू जर्सीतही नसेल, असं ते धरून चालतात. पेन्शनवर कर घेण्याचा हक्क तुम्ही राहता त्या राज्याचा. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं, जिथे नोकरी केली त्या राज्याला बाहेर राहणाऱ्यांच्या पेन्शनवर हात घालता येत नाही. म्हणजे न्यूयॉर्कची माफी नदीपलीकडेच राहते आणि इथे न्यू जर्सीचेच वय आणि उत्पन्नाचे नियम लागतात. पेनसिल्व्हेनियात मुलीजवळ राहायला गेलात तर चित्र पालटतं, ते राज्य निवृत्तीनंतरच्या पेन्शनवर कर घेत नाही.

बाहेरच्या फंडाची पेन्शन असेल तर न्यू जर्सीचा कर कापला जातो आहे का, हेही पाहा. कापला जात नसेल आणि वर्षाला ४०० डॉलरपेक्षा जास्त देणं निघत असेल, तर एनजे-१०४०-ईएस वापरून एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखांना हप्ते भरावे लागतात. नाहीतर व्याज लागतं.

एकटं राहिल्यावर

हे बोलायला जड जातं, पण बोलून ठेवा. जोडीदार गेला त्या वर्षी जॉइंट रिटर्न भरता येतं. पुढच्या वर्षापासून मर्यादा ७५,००० ची, आणि जोडीदारामागे मिळणाऱ्या पेन्शनवरच्या सवलतीसाठी राहिलेल्याचंच वय बघतात. एका काकूंना वयाच्या ५९ व्या वर्षी काकांची पेन्शन सुरू झाली आणि तीन वर्षं सूट मिळाली नाही. त्यांनी निदान पहिल्याच महिन्यात एनजे-डब्ल्यू-४पी भरून कर कापायला लावला होता, त्यामुळे एप्रिलमध्ये एकरकमी भरायची वेळ आली नाही.