फ्लाय फिशिंगचा पहिला सेट: आधी लाइन, मग रॉड, शेवटी रील

साध्या गळाला शिसं असतं. ते भिरकावलं की वजन पुढे जातं आणि तंगूस मागून ओढला जातो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेली माशी. तिला जवळजवळ वजनच नसतं, त्यामुळे ती फेकता येत नाही. इथे फेकायची असते ती जाड, वजनदार लाइन. माशी तिच्या टोकाला धरून नुसती सोबत जाते.

एवढं समजलं की पैसे कुठे घालायचे हेही कळतं. बरेचजण चकचकीत रीलवर निम्मं बजेट उडवतात आणि उरलेल्यात मिळेल ती लाइन उचलतात. करायचं नेमकं उलट. चांगली लाइन मध्यम रॉडवरही नीट जाते, वाईट लाइन मात्र महागड्या रॉडलाही नाचवते.

लाइन

लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन, ग्रेनमध्ये मोजलेलं. ४ नंबरची १२० ग्रेन, ५ ची १४०, ६ ची १६०, ८ ची २१०. १४० ग्रेन म्हणजे जेमतेम ९ ग्रॅम. ५ नंबरसाठी १३४ ते १४६ ग्रेनपर्यंत मुभा असते. गंमत अशी की बाजारातल्या अनेक लाइनींवर ५ लिहिलेलं असतं आणि वजन निघतं १५० च्या वर, म्हणजे अर्धा नंबर जड. यात फसवणूक असतेच असं नाही, ताठ रॉडसाठी मुद्दाम तशी लाइन बनवतात. तरी नंबरावर न जाता खोक्यावरचे ग्रेन वाचा.

खोक्यावर ‘डब्ल्यूएफ-५-एफ’ असा संकेत दिसेल. डब्ल्यूएफ म्हणजे वजन पुढच्या भागात, ५ हा नंबर, शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. पहिली लाइन तरंगणारीच घ्या. बुडणारी लाइन दिसत नाही, आणि दर फेकीआधी तिला वर ओढून आणावं लागतं. नवशिक्याचा निम्मा वेळ त्यातच जातो.

काटकसर करायची तर ‘डीटी’ लाइन बघा. तिची दोन्ही टोकं सारखीच निमुळती असतात, म्हणून एक टोक झिजलं की लाइन उलटी गुंडाळून दुसरं वापरता येतं. १०-१२ मीटरपर्यंतच्या फेकीत डीटी आणि डब्ल्यूएफमध्ये फरक जाणवत नाही, आणि सुरुवातीला त्यापुढे कुणी फेकतही नाही. तोटा एकच: डीटी जाड असल्याने रीलवर जास्त जागा खाते.

रंग फिकट पिवळा, नारिंगी किंवा पोपटी असावा. लाइन हवेत कुठे आहे हे दिसल्याशिवाय हात सुधारत नाही. माशाच्या जवळ पारदर्शक लीडर असतो, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधला बारीक तंगूस; लाइनच्या रंगाची चिंता नको.

घेण्याआधी शक्य असेल तर मीटरभर लाइन दोन्ही हातांत धरून दहा सेकंद ताणा. वेटोळी गेली पाहिजेत. ताणूनही स्प्रिंगसारखी राहिली तर ती रॉडवरच्या कड्यांमधून अडखळतच जाणार. लाइनचं पुढचं टोक बुडायला लागणं हाही नेहमीचा त्रास. कापलेल्या टोकातून आतल्या गाभ्यात पाणी शिरतं. ते टोक पूर्ण वाळवून त्यावर पाण्यात टिकणाऱ्या, लवचीक गोंदाचा थेंब लावला की भागतं.

रॉड

रॉडवरही नंबर असतो आणि तो लाइनशी जुळला पाहिजे. लहान ओढ्यातल्या छोट्या माशांना ३-४, ट्राउट आणि तळ्यातल्या मध्यम माशांना ५, वारा असेल नि मोठ्या फ्लाय फेकायच्या असतील तर ६-७, मोठे कार्प किंवा समुद्रकिनारा असेल तर ८. नक्की ठरत नसेल तर ९ फूट, ५ नंबर, चार तुकड्यांचा कार्बन रॉड घ्या.

स्वस्त रॉडवर हौसेने ‘फास्ट’ छापलेलं असतं. फास्ट म्हणजे ताठ, फक्त टोकाकडे वाकणारा. रॉडचा नंबर ३० फूट लाइन बाहेर असताना जुळतो. नवा माणूस २०-२५ फूटच बाहेर काढतो. तेवढ्या वजनाने ताठ रॉड वाकतच नाही, मग माणूस जोर लावतो आणि लाइन समोर ढीग होऊन पडते. म्हणून मध्यापर्यंत वाकणारा ‘मीडियम’ किंवा ‘मीडियम-फास्ट’ रॉड घ्या. फास्ट रॉड आधीच घरात असेल तर त्यावर एक नंबर जड लाइन लावून बघा.

दुकानात रॉड पूर्ण जोडायला सांगा. मग या गोष्टी तपासा:

- कड्या मोजा. टोकाची कडी सोडून, रॉड जितके फूट तितक्या तरी हव्यात. कमी असतील तर लाइन मध्ये झोळ खाते आणि रॉडवर आपटत राहते.
- कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे लाइनही सोलली जाईल.
- मूठ धरून झटका द्या. टोक दोन-तीन हेलकाव्यांत थांबावं. थरथरतच राहिलं तर फेकलेल्या लाइनीत लाटा उठतात.
- हलवताना जोडात ‘टिक’ आवाज आला तर जोड सैल आहे. रॉड बहुधा तिथेच मोडतो.

जोडताना कड्या थोड्या तिरप्या धरून तुकडा आत ढकला आणि ढकलतानाच वळवून एका रेषेत आणा. वापरता वापरता जोड सैल होऊ लागला तर आतल्या टोकावर मेणबत्ती घासा. अडकला तर कड्यांना धरून पिळू नका, कड्या उपटून येतात. दोघांनी जोडाच्या दोन्ही बाजूंना धरून सरळ ओढा.

रील

ट्राउटच्या पाण्यात रील म्हणजे लाइन ठेवायची डबी. लहान मासा लाइन हाताने ओढूनच आणतात. त्यामुळे ‘टक-टक’ आवाजाचं साधं क्लिक-पॉल रील ५ नंबरपर्यंत पुरतं. कार्प किंवा समुद्रातले मासे लांब पळतात, तिथे डिस्क ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या लाइनला लागणारा ब्रेक, हवाच.

लाइन जिच्यावर गुंडाळतात ती चकती आणि रीलची चौकट यांच्यामधली फट मात्र जरूर बघा. चकती बोटाने डावी-उजवीकडे हलवून पाहा. फट मोठी असेल तर बारीक तंगूस त्यात शिरून अडकतो, तोही मासा लागलेला असताना. मधला गाभा रुंद असलेलं, म्हणजे ‘लार्ज आर्बर’ रील घ्या, लाइनला वेटोळी कमी पडतात. हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी चालवता येतं का, हेही विचारून घ्या.

जोडणी

रीलवर आधी २० पौंडांचं डॅक्रॉन बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे बांधायची बारीक दोरी, ५० ते ७५ मीटर. ते आर्बर नॉटने, म्हणजे रीलच्या गाभ्याभोवती आवळणाऱ्या गाठीने, बांधा. लाइनचं पुडकं पेन्सिलीत अडकवून फिरतं ठेवा आणि मगच गुंडाळा. पुडक्याच्या बाजूने ओढली तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो. डब्ल्यूएफ लाइनवर ‘हे टोक रीलकडे’ अशी चिठ्ठी असते, ती फाडून टाकण्याआधी वाचा. उलट बांधली तर जाड भाग आत जातो आणि पातळ दोरी फेकत बसावं लागतं. सगळं गुंडाळल्यावर चौकटीपर्यंत ५-६ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. उरली नाही तर बॅकिंग कमी करा, लाइन कापू नका.

पुढे ९ फुटी निमुळता लीडर लावा, ५-एक्स. एक्सचा हिशोब सोपा आहे: ११ मधून आकडा वजा करा, उत्तर म्हणजे लीडरच्या टोकाची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. ५-एक्स म्हणजे ६ हजारांश इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. कुठल्या माशीला कोणता, ते ठरवायला गळाचा नंबर ३ ने भागा: १२ नंबरला ४-एक्स, १६ ला ५-एक्स.

सराव गवतावर करा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. सिमेंटवर लाइनचं आवरण खरवडतं. लीडर न लावता फेकली तर चाबकासारखी कडाडून टोकाला भेगा पडतात. डास पळवणारं मलम हाताला लावलं असेल तर लाइनला हात लावण्याआधी तो साबणाने धुवा, त्यातलं डीईईटी आवरणाचं प्लॅस्टिक खातं.

तयार कॉम्बो सेट घ्यायलाही हरकत नाही. त्यातला रॉड बहुतेकदा चालून जातो, रीलही. कमी पडते ती लाइन. म्हणून सेट घेतानाच एका वेगळ्या लाइनचे पैसे बाजूला ठेवा, आणि सेटमधली लाइन सरावाला वापरा.