क्यूजीआयएसला सामाईक फोल्डरमधले प्लगइन कसे दाखवावेत

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर चार-पाच जण मिळून काम करत असतील, तर स्वतः लिहिलेला एखादा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा जादा प्रोग्राम) सगळ्यांनाच लागतो. तो प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे क्यूजीआयएसच्या वैयक्तिक सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये, कॉपी करत बसलं की लवकरच प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती होते. त्यापेक्षा प्लगइन एकाच सामाईक फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या नाव-किमतीच्या जोडीतून) क्यूजीआयएसला द्या. खाली विंडोजवरची पद्धत आहे.

आधी फोल्डर नीट लावा, कारण घोळ बहुतेक इथेच होतो. समजा, डी ड्राइव्हवर 'प्लगइन्स' फोल्डर आहे आणि त्यात 'गटनकाशा' हा प्लगइन. पत्ता द्यायचा तो बाहेरच्या 'प्लगइन्स'चा, 'गटनकाशा'चा नव्हे. 'गटनकाशा'मध्ये शिरल्याबरोबर मेटाडेटाची (प्लगइनच्या माहितीची) टेक्स्ट फाइल दिसली पाहिजे. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरची झिप उघडल्यावर कधीकधी फोल्डरात आणखी एक फोल्डर निघतो, तेव्हा आतला फोल्डर बाहेर काढा. नावाच्या शेवटी '-मेन' चिकटलेलं असेल तर काढून टाका, प्लगइन ज्या पायथन भाषेत लिहितात, तिच्या कोडमध्ये हायफन असलेलं नाव थेट इम्पोर्ट करता येत नाही. प्रत्यक्षात ही नावं इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

आता सेटिंग्ज, ऑप्शन्स, सिस्टिम असं जा. एन्व्हायर्नमेंट विभागात कस्टम व्हेरिएबल वापरण्याच्या चौकटीवर टिक करा आणि अधिकच्या चिन्हाने नवी ओळ घ्या. अप्लायखाली ओव्हरराइट निवडा. व्हेरिएबलचं नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहा: क्यू, जी, आय, एस, मग अंडरस्कोर, मग 'प्लगइनपाथ' सलग. व्हॅल्यूमध्ये फोल्डरचा पूर्ण पत्ता. दोन फोल्डर असतील तर मध्ये अर्धविराम द्या, लिनक्सवर कोलन.

क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडा, त्याशिवाय बदल लागू होत नाही. त्याच पानावर खाली चालू व्हेरिएबलची यादी असते, तिथे तुमचा पत्ता दिसतोय का बघा. मग प्लगइन मॅनेजरच्या 'इन्स्टॉल्ड' यादीत प्लगइनवर टिक करा.

सामाईक फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार मात्र एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. प्लगइन म्हणजे तुमच्या खात्याच्या अधिकारांनी चालणारा पायथन कोड असतो, कुणीही तो बदलू शकणं धोक्याचं आहे.

यादीत नाव लाल दिसलं तर पत्ता बरोबर आहे, बिघाड प्लगइनमध्ये आहे. जुना प्लगइन असेल तर तो पायथन 2 साठी लिहिलेला आहे का ते आधी तपासा. 2018 साली आलेल्या क्यूजीआयएस 3 पासून पायथन 3 लागतो.