टक्क्यांतला धोका माणसांत कसा मोजावा

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की, तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. कित्येक स्त्रियांनी गोळ्या तडकाफडकी बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाले, असा अंदाज आहे. प्रत्यक्षात जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे साधारण एकीला गुठळी होत असे, तर नव्या गोळ्यांवर दोघींना. वैद्यकीय आकडे रुग्णांना आणि डॉक्टरांना कितपत उमगतात, याचा अनेक वर्षे अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर हे उदाहरण आवर्जून देतात. त्यांच्या कामावर आधारलेली आणि घरी कागद-पेन घेऊन करता येण्याजोगी रीत येथे दिली आहे.

धोका अमुक टक्क्यांनी वाढतो किंवा घटतो असे वाक्य कानावर आले, की प्रथम ‘कितीपैकी किती, आणि किती वर्षांत?’ हे विचारावे. उत्तर मिळाल्यावर औषध घेणारे आणि न घेणारे अशा दोन्ही गटांचे आकडे एकाच संख्येवर, शक्यतो हजारावर, आणून शेजारीशेजारी लिहावेत. फायदा टक्क्यांत आणि तोटा हजारांत सांगण्याची खोड जाहिरातींना तर आहेच, पण रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांतही ती आढळते, आणि तिच्यामुळे फायदा मोठा व तोटा नगण्य वाटू लागतो.

तपासणीचा अहवाल समजून घ्यायचा असेल, तर तीच हजार माणसे मनाशी धरावीत. गिगेरेन्झर यांचे आवडते गणित मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे आहे. कोणतेही लक्षण नसलेल्या १,००० स्त्रिया तपासणीला आल्या आणि त्यांतील १० जणींना स्तनाचा कर्करोग आहे, असे समजू. ही तपासणी रोग असलेल्या ९० टक्के स्त्रियांना हेरते, म्हणून या दहांपैकी ९ जणींचा अहवाल पॉझिटिव्ह येतो. उरलेल्या ९९० निरोगी स्त्रियांपैकी ९ टक्के, म्हणजे सुमारे ८९ जणींचा अहवालही चुकून पॉझिटिव्हच येतो. एकूण ९८ पॉझिटिव्ह अहवालांत खरा रोग फक्त ९ जणींना, म्हणजे दहातून जेमतेम एकीला. हाच प्रश्न टक्क्यांत मांडून १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारला, तेव्हा त्यांतील जवळपास पंचमांशांनाच बरोबर उत्तर देता आले. माणसांत मोजायला शिकवल्यावर ८७ टक्क्यांना ते जमले. गफलत डॉक्टरांच्या बुद्धीपेक्षा आकडे मांडण्याच्या पद्धतीत अधिक आहे, हे यावरून उघड होते.

‘पाच वर्षे जगण्याचे प्रमाण’ या आकड्याकडे मात्र विशेष संशयाने पाहावे. एखाद्या पुरुषाला ६७व्या वर्षी लक्षणांवरून प्रोस्टेटचा कर्करोग कळला आणि तो ७०व्या वर्षी गेला, तर तो पाच वर्षे जगला नाही अशी नोंद होते. त्याचाच रोग तपासणीत ६०व्या वर्षी सापडला असता आणि मृत्यू तरीही ७०व्या वर्षीच आला असता, तर नोंद यशाची झाली असती, जरी आयुष्य एका दिवसानेही वाढले नसते. म्हणून तपासणीचा लाभ ठरवताना तपासणी केलेल्यांत आणि न केलेल्यांत हजारामागे मृत्यू किती झाले, एवढेच विचारावे.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न लिहून न्यावेत, आणि ‘काहीच केले नाही तर काय होईल?’ हा प्रश्न त्यांत अवश्य असावा, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. आकडा आपल्याच वयाच्या आणि आपल्यासारखी प्रकृती असलेल्या लोकांचा आहे का, हेही विचारावे. वर दिलेले मॅमोग्राफीचे गणित लक्षणे नसलेल्या स्त्रियांसाठीच लागू आहे. स्तनात हाताला गाठ लागत असेल, तर रोगाची शक्यता मुळातच निराळी असते आणि पुढील तपासणी लांबणीवर टाकू नये. छातीत कळ आली असता किंवा पक्षाघाताची लक्षणे दिसत असता कागद-पेन बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.