पॅलेस्टाईनच्या निर्वासितांले मदत पाठवाची तं
परवा गावच्या ग्रुपवर गाझातल्या लेकराचा फोटो अन खाली क्यूआर कोड आला, पानठेल्यावर उभ्याउभ्या स्कॅन केला तं नाव निघालं कोण्या भलत्याच माणसाचं, म्हणून भाऊ आधी नाव वाचा, पिन मंग टाका. खरी संस्था यूएनआरडब्ल्यूए, संयुक्त राष्ट्रांची, ठराव १९४९ चा, काम १९५० पासून. गाझा, वेस्ट बँक, जॉर्डन, लेबनॉन, सीरियात पॅलेस्टिनी निर्वासितांले मदत कराले बनली, शाळा-दवाखानेही चालवते, अन जवळपास सारा खर्च देणगीवर, आपलं सरकारही देते बरं का. वेबसाईट सोता टाइप करा, फॉरवर्डची लिंक नोका दाबू. नव्या कार्डावर बाहेरदेशचा व्यवहार बंदच रायते, बँकेच्या अ‍ॅपात चालू करा, पैसे गेले की लगेच बंद.