नंतर येणाऱ्यांनाही उरलं पाहिजे: बालवाडीतल्या मुलांना शाश्वत विकास कसा शिकवावा

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाश्वत विकास शिकवायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी भिंतीवर पृथ्वीचं चित्र लागतं, मुलांच्या हातात एकेक रोप देऊन फोटो काढला जातो आणि विषय संपतो. रोपं आठवड्यात वाळतात. या वयाचं मूल हाताळून, तेच तेच पुन्हा करून आणि मोठ्यांचं बघून शिकतं. म्हणून खाली दिलेलं सगळं हातांनी करायचं आहे, आणि त्यासाठी 'पर्यावरण किट' विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, खडे असं आसपास मिळणारं साहित्य घेऊन बालवाड्या उभ्या केल्या. आपल्या नाशिकमध्ये तर नदी, मळे, बाजार सगळं हाताशी आहे.

१. सुरुवात खाऊपासून करा

संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने १९८७ च्या अहवालात शाश्वत विकासाची व्याख्या केली. आजच्या गरजा भागवायच्या, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील याला धक्का लावायचा नाही, असा तिचा आशय. चार वर्षांच्या मुलाला 'पुढची पिढी' कळत नाही. उशिरा येणारा मित्र मात्र पक्का कळतो.

द्राक्षांच्या हंगामात एक ताट भरून द्राक्षं घ्या. नीट धुवा आणि उभी चिरा, कारण अख्खं द्राक्ष लहान मुलांच्या घशात अडकू शकतं. निम्मी मुलं आत बोलवा, निम्मी ओसरीवर थांबवा. आतल्यांना सांगा, हवी तेवढी घ्या. ताट बहुधा रिकामं होईल. मग बाहेरच्यांना आत घ्या आणि फक्त एवढंच विचारा, "आता काय करू या?" कुणाला रागावू नका, कुणाचं कौतुकही करू नका. काही मुलं स्वतःच्या वाटीतली देतात, काही वाटी पाठीमागे लपवतात. दोन्ही स्वाभाविक आहे. कुणी उपाशी राहणार नाही इतकी द्राक्षं मात्र आपल्यापाशी राखून ठेवा. काही दिवसांनी गटांची अदलाबदल करून हाच खेळ पुन्हा घ्या. "त्यांच्यासाठी ठेव ना" हे एखादं मूल आपणहून म्हणेपर्यंत घाई करू नका. पुढच्या सगळ्या गोष्टी या एका वाक्यावर उभ्या राहणार आहेत.

२. मातीत पुरून बघा

माझ्या मते बालवाडीतला सगळ्यात चांगला प्रयोग हाच, आणि त्याला खर्च काहीच नाही. एक जुनी कुंडी किंवा तळाला भोकं पाडलेली बादली घ्या. तिच्यात बागेतली माती भरा. पिशवीत मिळणारी कोरडी माती चालणार नाही, त्यात जीवजंतू कमी असतात. चार बाजूंना चार वस्तू पुरा: केळीचं साल, पेरूचं पान, वर्तमानपत्राचा तुकडा आणि बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण. साधारण चार बोटं खोल. प्रत्येक जागी आइस्क्रीमची काडी खोचा आणि तिच्यावर त्या वस्तूचं चित्र मुलांनाच काढू द्या. दिवसाआड थोडं पाणी घाला. माती ओलसर हवी, चिखल नको.

पावसाळ्यात सुरू केलंत तर उत्तम. नाशिकच्या थंडीत मातीतल्या जिवांचं काम मंदावतं, आणि तेवढा धीर मुलांना नसतो. महिना-दीड महिन्याने जुन्या चादरीवर कुंडी उलटी करा आणि मुलांना बोटांनी माती चाळू द्या. केळीचं साल बहुतेक सापडत नाही, सापडलंच तर काळा, मऊ धागा होऊन. कागद ओढला की लगदा होऊन हातात येतो. पानाच्या नुसत्या शिरा उरलेल्या असतात. आणि वेष्टण? माती झटकली की तसंच चकचकीत, वरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. अशा वेळी एका मुलीने म्हटलेलं माझ्या कायम लक्षात राहिलंय: "ताई, मातीनं हे खाल्लंच नाही!" त्यानंतर प्लास्टिकवर वेगळं भाषण द्यायची गरज उरत नाही. ते वेष्टण पुन्हा पुरा आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा काढा.

शेवटी सगळ्यांचे हात साबणाने धुवायचे. ज्यांच्या हाताला जखम असेल, त्यांना या दिवशी चित्रं काढायचं काम द्या.

३. गोदावरी जमिनीवर आणा

लहान मुलांना घाटावर पाण्याजवळ नेण्याआधी नदी वर्गात खेळून घ्या. एक जुनी निळी साडी लांब अंथरा. एका टोकाला उंच पाटावर उभं मूल म्हणजे ब्रह्मगिरी, तिथून नदी निघते. पुढचं मूल गंगापूर धरण, आपल्या नळाला पाणी येतं ते मुख्यतः तिथून. मग रामकुंड, मग निफाडकडचं नांदूरमधमेश्वर, आणि शेवटी पैठण, जिथे जायकवाडीचं धरण आहे. बाकीच्यांनी मधल्या गावांत बसायचं.

आता रामकुंडापासून खाली बसलेल्या प्रत्येकाला कागदाचा एकेक बोळा द्या. गाणं म्हणत प्रत्येकाने आपला बोळा 'नदीत' टाकायचा आणि वरून आलेले बोळेही पुढे सरकवायचे. सगळा ढीग पैठणच्या मुलाच्या मांडीत जाऊन पडतो. त्यालाच विचारा, "तुला तहान लागली तर?" मग जागा बदला, म्हणजे प्रत्येकाला एकदा तरी पैठणला बसावं लागेल. हा खेळ दहा मिनिटांत आटपा. लांबवला की मुलं बोळ्यांनी मारामारी करू लागतात, आणि तेही योग्यच.

यानंतर घरी एक सवय सुरू करता येते. देवपूजेची फुलं पुलावरून नदीत टाकण्याऐवजी भोकं पाडलेल्या माठात साठवायची, वर वाळका पाला आणि मूठभर माती. पुलावर पिशवी भिरकावणारा मोठा माणूस दिसला तर मुलाला त्याच्यावर ओरडायला शिकवू नका. आजी-आजोबांना हे पटवायचं काम आपलं, मुलाचं नव्हे.

४. घंटागाडी

हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा. वर्गात दोन टोपल्या ठेवा आणि डब्याच्या सुट्टीनंतर मुलांनाच टाकू द्या. चुकलं तर उचलून दुसऱ्या टोपलीत. सकाळी घंटागाडी आली की मुलाला बरोबर न्या आणि गाडीवरच्या काकांना नमस्कार करायला लावा. शाश्वत विकासात झाडं-पाणी जितकं येतं तितकीच माणसंही येतात, आणि आपला कचरा कोण उचलतं हे न बघता वाढलेलं मूल अर्धंच शिकतं.

५. फाटलं की शिवायचं

दर शनिवारी 'दुरुस्तीचा तास' ठेवा. पुस्तकाचं फाटलेलं पान खळीने चिकटवणं, बाहुलीचा हात शिवणं, खडूचे तुकडे वेगळे काढणं. एखाद्या आजीला गोधडी घेऊन बोलवा. या पट्टीवर आईची साडी, त्या पट्टीवर बाबांचा सदरा, असं ती सांगू लागली की मुलं तासभर हलत नाहीत. बोहारीण दारावर आलीच तर जुने कपडे देऊन भांडं कसं मिळतं, हा व्यवहार मुलांना पुढे बसवून दाखवा. एक पैसाही न खर्चता वस्तू कशी फिरते, ते त्यांना तिथे दिसतं.

बाजारालाही न्या. बुधवारच्या बाजारात मुलाच्या हातात कापडी पिशवी आणि नाणी द्या, मेथीची जुडी त्यालाच घेऊ द्या. विकणाऱ्या मावशींना "ही कुठून आली?" हेही त्यानेच विचारायचं.

विजेचं फार ताणू नका. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायची पाळी रोज एकेकाला द्या, पुरे.

६. भीती घालू नका

पृथ्वी जळते आहे, पाणी संपणार आहे, प्राणी मरणार आहेत, असं या वयात सांगू नये. मूल रात्री दचकून उठतं आणि काही करू शकत नाही. त्याला झेपेल असं काम द्या: गळक्या नळाखाली बादली ठेवायची, सकाळी किती भरली त्यावर खडूने रेघ मारायची, ते पाणी झाडांना घालायचं. आणि प्लंबरला फोन तुम्ही करायचा, त्याच दिवशी. रेघ मारूनही नळ महिनाभर गळत राहिला, तर मोठ्यांच्या बोलण्याला अर्थ नसतो एवढंच मूल शिकतं.

७. वर्षातून एक सहल

नांदूरमधमेश्वर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहुणे पक्षी येतात तेव्हा सकाळी लवकर जा. चार वर्षांच्या मुलाला दुर्बीण जमत नाही; पुठ्ठ्याच्या नळ्या द्या, नजर एका जागी ठेवायला त्या पुरतात. पक्ष्यांची नावं पाठ करून घेऊ नका. कोण पोहतंय, कोण चिखलात चोच खुपसतंय, कोण एका पायावर उभं आहे, एवढं शोधायला सांगा. गोंगाट झाला की पक्षी उडून जातात, म्हणून कुजबुजून बोलायचा सराव आदल्या आठवड्यातच करून घ्या. डब्यात घरची पोळी-भाजी असू द्या. पाकिटातला खाऊ नेलाच, तर जाताना पाकिटं मुलांकडून मोजून घ्या आणि परतताना पुन्हा मोजा.