जुन्या रॉक कॅसेटी डिजिटल कशा कराव्यात आणि करताना काय पुसू नये

मागच्या दिवाळीत माळा साफ करताना बुटांचे दोन खोके निघाले, आत त्रेचाळीस कॅसेटी. बायको म्हणाली हे सगळं आता मोबाईलवर आहे की, ठेवायचंय कशाला. गाणी आहेत मोबाईलवर, खरंय, पण माझ्या या कॅसेटी नाहीयेत. तुमच्याकडेही असा एखादा खोका असेल तर फेकू नका, एका पावसाळ्याचे रविवार काढा आणि पुढे लिहिलंय तसं करा.

आधी डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मशीन, बघा. बाजारात हल्ली जे स्वस्त यूएसबीवाले कॅसेट प्लेअर मिळतात ते घेऊ नका, त्यांची स्पीड हलते आणि गिटारचा लांबवलेला सूर लाटेसारखा वरखाली होतो. त्यापेक्षा जुना चांगला होम डेक शोधा, नातेवाईकांकडे शोकेसमध्ये पडलेला असतोच. चालू होतो पण टेप फिरत नाही असं झालं तर बहुतेक वेळा आतला रबरी बेल्ट सैल झालेला किंवा विरघळून डांबरासारखा चिकट झालेला असतो. बेल्ट बदलून मिळतो, जुन्या टेप रिपेअरवाल्याला विचारा.

मग सफाई. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानात घालायचे कापसाचे बड आणा. टेपवरचा आवाज वाचणारा भाग म्हणजे हेड, त्याच्या बाजूचा पातळ स्टीलचा दांडा म्हणजे कॅप्स्टन, आणि त्याला टेकणारा काळा रबरी रोलर, हे तिन्ही पुसा. पहिला बड तपकिरी निघेल. ते कॅसेटीवरून झडलेलं चुंबकीय कोटिंग असतं, म्हणजे थोडीफार गाणीच. बड स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा, आणि नंतर दर चार-पाच कॅसेटींनी परत.

आता कॅसेट हातात घ्या आणि खिडकीतून उजेडाकडे धरा. टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी, आपल्याकडच्या दमट हवेत हे फार होतं, ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका नाहीतर बुरशी पुढच्या सगळ्यांना लागेल. ती बाजूला ठेवा. मग टेपच्या मागे स्प्रिंगवर चिकटवलेला छोटा फेल्टचा तुकडा बघा, तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या फालतू कॅसेटमधून काढून लावता येतो. वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खिट्ट्या तोडून टाका म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. शेवटी पेन्सिल घालून सैल टेप ताणून घ्या आणि मग एकदा शेवटपर्यंत पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. माझ्या एका मित्राने हे न करता थेट प्ले दाबलं आणि डेकने टेप खाल्ली. तुटली तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. स्प्लायसिंग टेप मिळते, ती मागच्या बाजूने लावायची, हेडला टेकणाऱ्या बाजूने कधीच नाही.

इथे जरा थांबतो, कारण पुढची स्टेप करताना मी दोन तास जमिनीवर बसून होतो.

आमच्या वेळी सी-९० ही कॅसेट म्हणजे सोनं. एका बाजूला ४५ मिनिटं. डीप पर्पल या रॉक बँडचा १९७२चा ‘मशीन हेड’ अडतीस मिनिटांच्या आत संपतो आणि लेड झेपलिनचा चौथा अल्बम साधारण त्रेचाळीस मिनिटांचा, म्हणजे एका सी-९०मध्ये दोन पूर्ण अल्बम बसतात! ऑरिजनल कॅसेट घ्यायची तर मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसला जायचं, ते दुकान २०१६ला बंद झालं, पण कॉलेजात खिसा रिकामा असायचा म्हणून आम्ही फोर्टमधल्या एका माणसाला कोरी कॅसेट नेऊन द्यायचो, तो त्याच्या एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून, भरून द्यायचा, चार दिवसांनी या म्हणायचा आणि आम्ही तिसऱ्या दिवशीच दारात उभे.

त्याने भरलेला आवाज आता माझ्या डेकवर चादरीखालून आल्यासारखा येत होता. मला वाटलं टेप मेली. तसं नसतं. प्रत्येक डेकच्या हेडचा कोन किंचित वेगळा असतो, त्याच्या डेकवर भरलेली कॅसेट माझ्या डेकवर वाजवली की वरचे, बारीक आवाज जातात. या कोनाला अॅझिमुथ म्हणतात, तो बदलायचा छोटा स्क्रू हेडच्या बाजूला असतो. हेडफोन लावा, आवाज मोनो करा, आणि चुंबकीय नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवा. पाव वळसासुद्धा खूप झाला. मी ‘मशीन हेड’मधलं ‘हायवे स्टार’ लावून फक्त ड्रमर इयन पेसच्या झांजा ऐकत होतो, फिरवतोय, काही नाही, अजून थोडं, आणि एकदम खिडकी उघडावी तसा आवाज आला. झांजेची कड, मागे जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन जो तो मार्शलच्या गिटार अॅम्प्लिफायरमधून वाजवायचा म्हणून इतका खरखरीत गुरगुरतो, सगळं जागच्या जागी. अंगावर काटा आला. हा कोन प्रत्येक कॅसेटला नव्याने लावावा लागतो, कंटाळा करू नका.

रेकॉर्डिंग सोपं आहे. डेकच्या लाइन आउटमधून वायर एका छोट्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज डिजिटल करणाऱ्या डबीला, तिथून लॅपटॉपला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, बहुतेक ते मोनो असतं. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवा, ४५ मिनिटांची एक बाजू पावणेआठशे एमबीच्या आसपास जाते, नंतर फ्लॅक केली, म्हणजे आवाज न बिघडवता फाइल दाबली, की बरीच कमी होते. लेव्हल सगळ्यात मोठ्या जागेवर लावायची, मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. झेपलिनच्या बाजूला मी हीच चूक केली, ‘स्टेअरवे टू हेवन’ची हळुवार सुरुवात ऐकून लेव्हल वाढवली आणि सहा मिनिटांनी गिटारचा सोलो आला तेव्हा सगळं फाटलं. परत पहिल्यापासून. डॉल्बीचं, म्हणजे टेपची सळसळ कमी करणारं, बटण फक्त भरताना डॉल्बी लावलं असेल तरच दाबा, नाहीतर आवाज मंद होतो.

स्पीड तपासायची असेल तर ‘मशीन हेड’मधल्याच ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवातीची गिटारची ओळ गिटार ट्यूनरवर लावून बघा, ती जी मायनरमध्ये आहे, काटा वर किंवा खाली सरकला तर ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड’ने तेवढं दुरुस्त करा. भरणाऱ्याच्या डेकची स्पीडही चुकलेली असू शकते.

आणि आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन असतं, लोक ते हात सैल सोडून लावतात आणि मग गायक पाण्याखालून गातोय असं होतं. थोडी सळसळ राहू द्या. टेप झिजते, आवाज करते, हा या संगीताचाच भाग आहे. क्वीन या बँडने १९७५मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ करताना आवाजावर आवाज इतके चढवले की टेपवरचं कोटिंग झिजून ती आरपार दिसायला लागली असं त्यांचा गिटारवादक ब्रायन मे सांगतो. आणि ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकला, शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवला, हे मला कॉलेजात कळलं तेव्हा मी एसटीने पाचगणीला जाऊन नुसता त्या गेटसमोर उभा राहून आलो होतो.

गाणी कापून वेगवेगळ्या फाइल करायच्या असतील तर करा, पण अख्ख्या बाजूची एक फाइल न कापता ठेवाच. माझ्या ‘मशीन हेड’मध्ये चौथं गाणं संपलं की फोर्टवाल्याने एलपी उलटवली ती नऊ सेकंद आहेत. सुई उचलल्याचा टक्, थोडी शांतता, लांबून एक टॅक्सीचा हॉर्न, म्हणजे त्याने कुठलातरी माइक चालू ठेवला असणार, मग सुई टेकल्याची चरचर, आणि मग ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती गिटार. मोबाईलवर ते गाणं धाडकन सुरू होतं. मी तीस वर्षं ते टॅक्सीच्या हॉर्ननंतर ऐकतोय.

कव्हरचा फोटोही काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा, दोन्ही बाजूंनी. माझ्या त्या कॅसेटीवर हॉस्टेलच्या रूममेटने निळ्या बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिलीत, ‘लेझी’ या गाण्याचं स्पेलिंग चुकलंय आणि खाली लिहिलंय, सोमवारी परत दे. तो आता कॅनडात आहे. फाइल पाठवली, त्याचा मेसेज आला: हॉर्न आहे ना रे अजून?