नव्या टीव्हीवर पिक्चर सिरियलसारखा दिसतोय? काय बंद करायचं, काय ठेवायचं

नवीन टीव्हीवर चांगला पिक्चर लावला आणि सगळं एकदम गुळगुळीत, खोटं खोटं, संध्याकाळच्या सासू-सुनेच्या सिरियलसारखं दिसायला लागलं, तर टीव्ही बिघडलेला नाहीये, तुमचे डोळेही ठीक आहेत. मोशन स्मूदिंग नावाचं फीचर बहुतेक टीव्हींत कंपनीकडनंच चालू होऊन येतं, ते बंद करायचं. पण होतं काय, ते बंद केलं की काहींना लगेच दुसरा त्रास सुरू होतो, कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं, मग वैतागून परत चालू करतात आणि म्हणतात जाऊ दे, असाच असेल हा टीव्ही. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दोघांची सेटिंग्जही वेगळी आहेत.

पिक्चर सेकंदाला २४ फ्रेम्सने शूट होतो, बोलपट आले तेव्हापासून, म्हणजे १९२० च्या दशकाच्या शेवटापासून हेच चालत आलंय. प्रत्येक फ्रेमला शटर साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडं असतं, त्यामुळे पळणारा माणूस किंवा फिरणारा हात जरा पुसट उमटतो, आणि त्या पुसटपणाची आपल्याला इतकी सवय झालीये की तोच 'पिक्चरचा लुक' वाटतो. उलट आपल्याकडच्या सिरियल वर्षानुवर्षं व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट व्हायच्या, त्यात हालचाल सेकंदाला ५० वेळा टिपली जाते, क्रिकेटचंही तसंच. म्हणून हालचाल जास्त सुळसुळीत दिसली की डोकं आपोआप म्हणतं, ही सिरियल आहे.

स्मूदिंगमध्ये टीव्ही दोन खऱ्या फ्रेम्स बघतो, मधे काय असेल याचा अंदाज बांधतो आणि स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घुसवतो. अंदाजच तो, चुकतोही. कोणी खिडकीच्या ग्रिलमागून चालत गेलं की कडा वितळल्यासारख्या दिसतात, पळणाऱ्याच्या डोक्याभोवती वलय येतं. आणि अंदाज बरोबर आला तरी माझ्या मते नुकसान होतंच, फायटिंगमध्ये न लागलेला ठोसा न लागलेलाच दिसतो, सेट सेटसारखा दिसतो, मेकअप मेकअपसारखा. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारी यांनी खास व्हिडिओ टाकून लोकांना सांगितलं होतं की बाबांनो हे बंद करा, आणि २०१९ मध्ये यूएचडी अलायन्सने (टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंची संघटना) 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, ज्यात स्मूदिंग, जादा शार्पनेस, नॉइज रिडक्शन सगळं एका झटक्यात बंद होतं आणि रंगही जागेवर येतात.

तर पहिलं काम, पिक्चर मोडमध्ये जाऊन फिल्ममेकर मोड आहे का बघा. असेल तर तो लावा आणि निम्मं काम झालं. चित्र पहिल्यांदा पिवळट आणि मंद वाटेल, लगेच घाबरून व्हिव्हिडवर (भडक रंगांचा मोड) जाऊ नका, दोन-तीन संध्याकाळी बघा, मग व्हिव्हिडच निळाभोर वाटायला लागेल. तो मोड नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही मोड लावा, पण त्यात स्मूदिंग कधी कधी चालूच राहतं, म्हणून ते हाताने बंद करावं लागतं.

गंमत म्हणजे 'मोशन स्मूदिंग' असं सरळ नाव मेनूत फारसं कोणी देत नाही. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, शाओमी वगैरेंच्या टीव्हीत एमईएमसी, बाकीच्यांत 'मोशन' किंवा 'स्मूद' शब्द असलेलं काहीतरी शोधा. ते पिक्चर सेटिंग्जमध्ये खाली, 'अॅडव्हान्स्ड' किंवा 'क्लॅरिटी'च्या आत लपवलेलं असतं. त्यात दोन वेगळे स्लायडर असतील तर जडर (हालचालीतले धक्के) कमी करणारा शून्यावर आणा, सिरियलवाला लुक त्यानेच येतो. ब्लर कमी करणारा पिक्चरसाठी फार महत्त्वाचा नाही. 'एलईडी क्लिअर मोशन' किंवा तत्सम काही दिसलं तर ते दोन फ्रेम्सच्या मधे काळा पडदा दाखवतं, हालचाल स्पष्ट होते पण चित्र अंधारतं, आणि काहींचं डोकं दुखतं. मी तरी बंदच ठेवा म्हणेन.

आता अडखळण्याचं. इथे रिफ्रेश रेट येतो. साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करतो, म्हणजे ६० हर्ट्झ, आणि पिक्चरच्या फ्रेम्स २४. ६० ला २४ ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, परत तीनदा असं दाखवावं लागतं, एक फ्रेम पन्नास मिलिसेकंद राहते आणि पुढची तेहतीस, आणि हळू सरकणाऱ्या दृश्यात हा लंगडेपणा कळतो. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा, कटकट संपली. बघायचं असेल तर शेवटची नावं वर सरकताना नीट बघा, अक्षरं एका लयीत जातायत की धक्के खातायत ते तिथे लगेच कळतं.

पण नुसता १२० चा टीव्ही असून भागत नाही, त्याला मिळणारा सिग्नलही नीट पाहिजे. टीव्हीला जोडलेली स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स जर सगळं काही ६० करून पाठवत असेल तर लंगडेपणा आधीच मिसळलेला असतो. फायर टीव्हीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल फ्रेम रेट मॅच करायचा पर्याय असतो, अॅपल टीव्हीत 'मॅच कंटेंट'मध्ये फ्रेम रेट, नव्या अँड्रॉइड टीव्हीवाल्या बॉक्समध्येही डिस्प्लेच्या आतच मिळेल. ते चालू करा. पिक्चर सुरू होताना स्क्रीन सेकंदभर काळी होईल, तो फॉल्ट नाहीये, टीव्ही मोड बदलतोय. आणि बॉक्स ५० वर अडकला असेल तर ओळख सोपी, साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक बारीक हिसका बसतो, कारण २४ फ्रेम्स दोनदा दाखवून ४८ होतात आणि उरलेले दोन कुठेतरी कोंबावे लागतात. सोनीतलं सिनेमोशन आणि एलजीतलं रिअल सिनेमा हे मात्र स्मूदिंग समजून बंद करू नका, ते २४ ची मूळ लय परत आणायलाच असतं.

हे सगळं करूनही कॅमेरा आडवा फिरताना चित्र तुकड्यातुकड्याने जातंय असं वाटलं, विशेषतः ओएलईडीवर, तर ते २४ फ्रेम्सचंच मूळचं रूप आहे. ओएलईडीचा पिक्सेल क्षणात बदलतो, एलसीडीचा जरा रेंगाळतो आणि त्या रेंगाळण्यात धक्का लपतो. फारच खुपत असेल तर जडरवाला स्लायडर दहापैकी दोन-तीनवर ठेवा, एलजीत 'सिनेमॅटिक मूव्हमेंट' बघा. शुद्धतावादी लोक नाक मुरडतील, मुरडू देत, घर तुमचं आहे.

टीव्ही अजून घ्यायचाच असेल तर खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. मोशन रेट १२०, ट्रूमोशन १२० असं लिहिलेल्या टीव्हीचा पॅनल बऱ्याचदा ६० चाच असतो. कंपनीच्या साइटवर स्पेसिफिकेशनमध्ये 'नेटिव्ह' रिफ्रेश रेट शोधा, आणि १२० च्या शेजारी डीएलजी लिहिलं असेल तर तो खरा १२० नाही, उभं रिझोल्यूशन अर्धं करून आणलेला आकडा आहे. फक्त पिक्चरसाठीच १२० घ्यायचा का? बजेटला ताण पडत असेल तर नाही, ६० वालेही काही टीव्ही पिक्चर लावला की ४८ वर उतरतात आणि मग सगळं सरळ चालतं, चांगला कॉन्ट्रास्ट जास्त उपयोगी.

केबल किंवा डिशच्या सेट टॉप बॉक्सवर पिक्चर बघत असाल तर वेगळंच. आपलं प्रक्षेपण ५० वर चालतं, तिथे २४ चा पिक्चर साधारणपणे २५ ने पळवतात, अडीच तासांचा पिक्चर १४४ मिनिटांत आटपतो, जाहिराती सोडून. तिथे जास्त डोकं लावू नका, स्मूदिंग बंद करा आणि बघा. क्रिकेटला आवडत असेल तर चालू राहू दे, पण वेगाने गेलेला चेंडू मधेच गायब झाला तर बॉलरला दोष देण्याआधी एकदा बंद करून बघा.

आणि हे एकदाच करून होत नाही, बऱ्याच टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयला, टीव्हीतल्या अॅप्सना, आणि साधं चित्र, एचडीआर, डॉल्बी व्हिजन (हे दोन्ही उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारे फॉरमॅट) यांना सेटिंग वेगवेगळं असतं. म्हणजे आधी एचडीआर पिक्चर लावायचा, तो चालू असतानाच मेनू उघडून बंद करायचं, मग डॉल्बी व्हिजनवाला लावून परत तेच. 'अप्लाय टू ऑल सोर्सेस' असा पर्याय दिसला तर तो दाबा, वेळ वाचेल, पण डॉल्बी व्हिजन त्यातनंही कधी कधी सुटतं, ते वेगळं तपासा.